बडोद्यात चौदा तास, अकरा चनिया-चोळ्या आणि पाचशे रुपयांचा थेला

जामनगरला नणंदेच्या बाळाचं बारसं आटोपलं आणि नागपूरला परतायला थेट गाडीचं तिकीट मिळेना. शेवटी बडोद्याला गाडी बदलायची ठरवली. सकाळी सातला उतरायचं, पुढची गाडी रात्री सव्वानऊची. नवऱ्याला ते चौदा तास फार वाटत होते, मला मुळीच नाही. बडोदं माझं आजोळ. दांडिया बाजारात मामी राहते. शिवाय निघायच्या आधीच मी सोसायटीतल्या बायकांना शब्द देऊन बसले होते, की यंदा नवरात्राच्या चनिया-चोळ्या मी बडोद्याहून आणते. अकरा जणींनी मापं दिली, पैसेही हातावर ठेवले. घट बसणार होते २२ सप्टेंबरला आणि मी बडोद्यात पोचले ऑगस्टच्या दुसऱ्या आठवड्यात, त्यामुळे दुकानांत अजून झुंबड नव्हती आणि निवडीला भरपूर वाव होता. प्रश्न एकच होता. माझी स्वतःची बॅग बारशाच्या आहेरानं गच्च भरलेली, आणि अकरा घेरदार चनिया न्यायच्या कशात?

तेव्हा स्वस्तातली एक बॅग बडोद्यातच घ्यायची हे गाडीत बसतानाच ठरलं होतं. कोणती घ्यायची नाही, हेही ठरलं होतं. दोन वर्षांपूर्वी दुसऱ्या एका शहरात अशीच गाडी बदलताना मी स्टेशनबाहेरून नऊशे रुपयांची चाकांची बॅग घेतली होती. दिसायला देखणी, चकचकीत. पुलाच्या पायऱ्या उतरताना तिचं एक चाक निखळलं आणि टणटणत खाली रुळांवर गेलं. वर ओढायचा दांडा निम्म्यात अडकला, तो ना आत जाईना ना बाहेर येईना. बावीस किलोचं ते धूड मी आणि एका कॉलेजच्या मुलीनं मिळून डब्यापर्यंत उचलत नेलं. तेव्हापासून माझं मत पक्कं झालंय. हजाराच्या आतल्या चाकांच्या बॅगेत खर्चाचा मोठा भाग चाकं आणि दांडा यांवरच जातो, आणि त्या पैशांत ही दोन्ही धड येत नाहीत. वर रिकाम्या बॅगेचंच वजन तीन किलो भरतं. घरी माझ्याकडे सफारीची ट्रॉली आहे, सहा वर्षं वापरतेय, उत्तम आहे. त्यांचा कारखाना बडोद्याहून चाळीसेक किलोमीटरवर हालोललाच आहे. पण एका दिवसाच्या खरेदीसाठी तशी दुसरी ट्रॉली घ्यायला मन होईना, आणि तिच्या नकलेवर तर माझा विश्वासच उरला नाही. मला हवा होता बिनचाकांचा, मऊ, घडी होणारा, मजबूत बंदांचा थेला.

स्टेशनवर उतरल्यावर आधी अमानती सामानघरात जामनगरची बॅग ठेवली. पुढची गाडी कितीही उशिराची असो, हे काम सगळ्यात आधी उरकावं. तिथं तिकीट दाखवावं लागतं, आणि बॅगेला कुलूप हवंच. बिनकुलपाचं सामान घेत नाहीत. माझ्यापुढे एक जोडपं होतं, त्यांच्या बॅगेला कुलूप लागत नव्हतं, कारण चेनला एकच रनर होता आणि तो अडकवायला दुसरीकडे काही नव्हतं. बिचारे परत फिरले. ते बघितलं आणि माझ्या यादीत एक गोष्ट वाढली. थेल्याला दोन रनर हवेत.

मामीकडे आंघोळ, चहा, गरम पोहे. मामीचं वय आता बहात्तर आहे. तीस वर्षं तिनं घरी शिवणकाम केलं, अख्ख्या गल्लीतल्या पोरींचे परकर-पोलकी तिच्या हातची. मी थेल्याचं बोलले तशी ती म्हणाली, "स्टेशनबाहेरून काही घेऊ नकोस. लहेरीपुऱ्याच्या आत एक शिवणारा बसतो, त्याच्याकडे चल. मीच येते." पाऊस भुरभुरत होता, तरी आली.

दांडिया बाजारातून न्यायमंदिराला रिक्षानं जेमतेम दहा मिनिटं लागतात. न्यायमंदिराची ती लाल, घुमटांची इमारत १८९६ची, आणि माझा मामा तिथं कोर्टात कारकून होता. लहानपणी सुट्टीत आम्ही त्याचा डबा पोचवायला जायचो, तेव्हा आवारात काळ्या कोटांची नुसती गर्दी असायची. २०१८मध्ये कोर्ट नव्या इमारतीत गेलं. आता समोरून जाताना मामी रिक्षातून क्षणभर तिकडे बघते आणि पदर सारखा करते. समोरच लहेरीपुरा दरवाजा, जुन्या शहराच्या चार दरवाजांतला पश्चिमेचा. तिथून मंगळबाजार, नवा बाजार, पुढे मांडवी. सगळं पायी फिरण्यासारखं, आणि पायीच फिरावं, कारण आत रिक्षा मुंगीच्या पावलांनी जाते.

दुकान म्हणावं अशी ती जागा नाही. एका जिन्याखाली साडेचार-पाच फूट रुंदीची बोळकांडी, वर निळी ताडपत्री, दोन्ही बाजूंना छतापर्यंत टांगलेले थेले, आणि मधे जाड कापड शिवायचं पायमशीन. नावाची पाटी नाही. मशीनवर साठीचे एक काका. त्यांना मी सांगितलं, मोठा थेला दाखवा, रात्रीची गाडी आहे. ते म्हणाले, "शुं भरवानुं छे?" मी म्हटलं, चनिया-चोळी, अकरा. त्यांनी मशीनचा पाय थांबवला आणि शांतपणे म्हणाले, "बेन, पहेलां माल लई आवो, पछी थेलो लेजो."

गिऱ्हाईक दारात उभं असताना विकायचं सोडून त्याला आधी खरेदी करून ये म्हणणारा दुकानदार मी तरी फार कमी बघितलाय. माझा हिशेब उलटा होता. आधी थेला घ्यावा, म्हणजे दहा पिशव्या हातात नाचवायला नकोत. पण मामीनं त्यांची बाजू घेतली. "अगं, घेर किती निघेल ते तुला ठाऊक आहे का? मोठा घेतलास तर निम्मा रिकामा हिंदकळेल, लहान घेतलास तर चेन फाटेल." तिचं खरं होतं.

नव्या बाजारातल्या खरेदीबद्दल फार लिहीत नाही, तो वेगळाच विषय आहे. एवढंच सांगते, की अकराच्या अकरा एकाच दुकानातून घेतल्या तर भावात फरक पडतो आणि सगळं सामान संध्याकाळपर्यंत त्यांच्याकडेच ठेवता येतं. सहा-सात मीटर घेराची, आरसेकामाची सुती चनिया, चोळी आणि ओढणी मिळून एक जोड दीड किलोच्या आसपास भरतो. आरसे एकमेकांवर घासू नयेत म्हणून दुकानदारानं प्रत्येक चनिया उलटी करून, गोल पीळ देऊन बांधली. साडीच्या दोन खोक्यांचे पुठ्ठेही मी त्याच्याकडून मागून घेतले. त्याचं कारण पुढे येईल. सगळं मिळून मोठ्या चादरीत एक गाठोडं झालं, आणि त्यांचा पोऱ्या ते डोक्यावर घेऊन आमच्याबरोबर जिन्याखाली आला.

काकांनी गाठोडं खाली ठेवायला सांगितलं आणि वितीनं मापलं. लांबी तीन विती आणि चार बोटं, उंची दीड वीत, रुंदी दोनला थोडी कमी. मग गुडघ्यानं दाबून पाहिलं, किती बसतं ते. वरचा एक काळा थेला काठीनं काढला, २८ इंच लांबीचा, आणि माझ्यासमोर टाकला. किंमत साडेपाचशे.

पुढची पंधरा मिनिटं थेला मामीच्या ताब्यात होता. तिनं पहिल्यांदा तो उलटा केला, आतली बाजू बाहेर. बाहेरून सगळेच थेले सारखे दिसतात, शिलाई आतून कळते. कडेची शिवण दुहेरी होती, आणि कापडाच्या कडांचे दोरे सुटू नयेत म्हणून त्यावर पट्टी चढवलेली होती. मग बंद. तिनं मला शेजारचा एक चौकडीचा, रंगीत थेला दाखवला. त्याचे बंद वरच्या काठाला दोन इंच शिवून सोडलेले होते. "याच्यात वजन भरलं की बंद तुटत नाही, कापडच फाटतं." आमच्या काळ्या थेल्याला नवारीचे पट्टे होते, आणि ते थेल्याच्या पोटाखालून फिरून पलीकडून वर आलेले. म्हणजे सगळं वजन पट्ट्यावर, कापडावर नाही. पट्टा जिथं चेनच्या खाली संपतो तिथं चौकोन आणि त्यात फुली अशी शिलाई. दोन ठिकाणी ती फुली नव्हती. मामीनं नुसतं बोट ठेवलं. काकांनी एक शब्द न बोलता थेला मशीनखाली घेतला आणि दोन्ही फुल्या मारून दिल्या. त्याचे पैसे घेतले नाहीत.

चेनबद्दल मी विचारलं. आठ नंबरची होती. मिटल्यावर दात्यांची रुंदी साधारण आठ मिलिमीटर, म्हणून आठ नंबर. लहान पर्सला पाच चालते, पण असल्या ओझ्याला आठ किंवा दहाच हवी. दाते सुटे नव्हते, नायलॉनच्या तारेच्या गुंडाळीची चेन होती. ही मधूनच उसवली तर रनर मागे नेऊन पुन्हा पुढे आणला की बहुतेक वेळा परत बसते. सुट्या दात्यांच्या चेनचा एक दाता गेला की ती कामातून गेली. चेन चालू होऊनही मागे उघडी राहायला लागली, तर बऱ्याचदा दोष रनरचा असतो. त्याचं तोंड सैल झालेलं असतं. पकडीनं दोन्ही बाजूंनी अगदी हलकं दाबलं की महिना-दोन महिने निभतं. हे मला काकांनी दाखवलं, एका जुन्या थेल्यावर, दाबण्याआधी आणि दाबल्यानंतर.

रनर मात्र एकच होता. मी सामानघरातलं त्या जोडप्याचं सांगितलं. त्यांनी मान हलवली, डब्यातून एक रनर शोधला, चेनच्या टोकाची इंचभर शिवण ब्लेडनं उसवली. चेनच्या दोन्ही बाजू बोटांनी सारख्या धरून, तोंडाशी ओल्या करून, त्यांनी तो रनर उलट्या दिशेनं चढवला. एकदा वाकडा गेला, काढला, पुन्हा घातला. मग टोक परत शिवलं. आता दोन्ही रनर समोरासमोर येतात, त्यांची भोकं एकावर एक बसतात आणि त्यातून छोटं कुलूप जातं. याचे वीस रुपये. थेल्याचे साडेपाचशेवरून मामीनं चारशे ऐंशी केले. एकूण पाचशे. जाताना ते म्हणाले, "चेन बगडे तो पाछा आवजो." मी म्हटलं, मी नागपूरची, कशी येणार? तर मामीकडे बोट दाखवून म्हणाले, "आ बेन तो अहींनां ज छे ने."

आता दोष. थेला काही सर्वगुणसंपन्न नाही, आणि घेणाऱ्यानं हे आधी माहीत करून घ्यावं.

एक तर आत अस्तर नाही. कापडाला आतून पाण्यासाठी लेप दिलेला आहे, त्याचा वास येतो. पहिल्या दिवशी तर चांगलाच येत होता. कपडे नुसते आत टाकू नयेत. मी चादरीसकट भरले, तरी घरी पोचल्यावर दोन दिवस चनिया वाऱ्यावर टांगाव्या लागल्या. दुसरं, तळाला कडक काही नसतं, त्यामुळे भरल्यावर पोट खाली लोंबतं. त्यासाठीच ते पुठ्ठे घेतले होते. दोन्ही एकावर एक तळाला घातले, आणि थेला सरळ उभा राहिला. तिसरी तक्रार मात्र मला मनापासून लागली. खांद्याच्या पट्ट्यावर रेक्झिनची जी गादी आहे तिचा रंग पावसात उतरला. माझ्या पिवळ्या कुर्त्यावर खांद्याला काळा डाग पडला, तो तीन धुण्यांनंतरही पुरता गेलेला नाही. काकांनी इतकं सगळं जीव लावून केलं, पण हे त्यांनी सांगायला हवं होतं. मामीनं पुढच्या वेळी गेल्यावर त्यांना तसं सांगितलं. ते म्हणाले, तो माल बाहेरून येतो, आता दुसरीकडून घेतो. घेतला की नाही ते मामीनं अजून बघितलेलं नाही. तोवर गादीवर रुमाल बांधा किंवा थेला हातातच धरा.

बाकी दिवस मजेत गेला. दुपारी मामीला घरी सोडलं, तिला पडायचं होतं. मी सेव-उसळ खाल्ली. लाल तिखट रसा, वर पिवळीजर्द जाड शेव, कांदा, पाव. आपली उसळ गुजरातेत गेली आणि बडोद्याची होऊन बसली. दुसरीकडे कुठं खाल्ली तरी मला ती चव लागत नाही. जगदीशकडून लीलो चेवडो आणि भाखरवडी घेतली, रावपुऱ्यातून दुलीरामचे पेढे. ही पाकिटं थेल्यात वरच्या बाजूला राहिली. एवढं सगळं भरूनही चेन ताणली गेली नाही. वितीचं माप अगदी बरोबर निघालं.

संध्याकाळी सहाला पावसाचा जोर वाढला. न्यायमंदिरापासून स्टेशन तीनेक किलोमीटर, पण त्या वेळी तासभरही लागू शकतो, म्हणून साडेसहालाच निघाले. रिक्षेच्या मागच्या फळीवर थेला ठेवला होता, तो वरून चांगलाच भिजला. कापडातून पाणी आत गेलं नाही. चेनच्या रेषेतून थोडं झिरपलं, वरच्या चादरीचा हातभर भाग ओला झाला, आतल्या चनिया कोरड्या. प्लॅस्टिकची एक मोठी पिशवी वरून अंथरली असती तर तेही झालं नसतं.

स्टेशनवर पार्सल ऑफिसबाहेरच्या काट्यावर थेला ठेवून बघितला, एकोणीस किलो. जामनगरची बॅग तेरा. स्लीपरच्या तिकिटावर चाळीस किलो मोफत नेता येतं, म्हणजे काळजी नव्हती. खरी परीक्षा पुलाची होती. तिथं आम्ही दोघींनी, म्हणजे मी आणि मामीच्या शेजारची मनीषा पोचवायला आली होती तिनं, थेल्याचा एक-एक बंद धरला आणि पाळण्यासारखा वर नेला. चाकांच्या बॅगेला असं दोघींनी धरताच येत नाही. डब्यात खालच्या बर्थखाली तो ढकलला, तर मऊ असल्यानं पत्र्याच्या कोपऱ्यानुसार वळला आणि पूर्ण आत गेला. कडक बॅगा घेऊन आलेले समोरचे काका त्यांची बॅग अर्धी बाहेर ठेवून रात्रभर तिच्यावर पाय ठेवून झोपले.

थेला घेऊन आता आठ महिने झाले. दिवाळीत त्यातून रजया नेल्या, जानेवारीत यवतमाळहून तुरीची डाळ आणली, तीही पंचवीस किलो. बंदांची एकही टीप उसवली नाही. चेनचा एक रनर जरा सैल झाला होता, तो मी पकडीनं दाबला, जसं काकांनी दाखवलं होतं तसं. रिकामा असला की चार घड्या होऊन उशीच्या अभ्र्यात मावतो, आणि आता मी प्रवासाला निघताना तो तसाच बॅगेच्या तळाशी ठेवते.

विमानानं जाणाऱ्यांनी मात्र विचार करून घ्यावा. केबिनमध्ये एवढा थेला चालणार नाही, तिथं ५५ बाय ४० बाय २० सेंटिमीटर आणि सात किलो ही मर्यादा असते. सामानात टाकायचा तर पट्टे आत खोचून, वरून दोरी गुंडाळून द्यावा, नाहीतर विमानतळावरच्या सामानाच्या सरकत्या पट्ट्यावर अडकून बंद ओढले जातात. काकांकडे २० इंची लहान थेलाही आहे, अडीचशेचा, तो मी हातात घेऊन बघितला आहे. शिलाई तशीच, चेन मात्र पाच नंबरची.

दुकान शोधायची खूण अशी. न्यायमंदिराकडे पाठ करून लहेरीपुरा दरवाजातून आत जायचं, डाव्या हाताला बांगड्यांची दुकानं संपली की एक उंच दगडी जिना लागतो, त्याच्या खाली. ताडपत्री निळी आहे. सकाळी अकराच्या आधी जाऊ नका, काका येत नाहीत, आणि दुपारी दोन ते तीन मशीन बंद असतं. तेवढ्या वेळात शेजारचा मुलगा थेला विकतो, पण त्याला रनर बसवता येत नाही. आणि जाताना आपला माल बरोबर न्या, निदान एक नग तरी, कारण माप ते विचारून घेत नाहीत, दाबून घेतात.